अंगठ्याखालचं बटण

माझ्या नवऱ्याच्या, विद्याधरच्या, कामात कुणी खोट काढलेली त्याला खपत नाही. माझ्यात काढली तर चालते.

सोसायटीच्या हॉलमधली साउंड सिस्टीम त्यानेच बसवलेली. रविवारी सकाळी तो डायनिंग टेबलावर दोन तारांना एक बटण जोडत बसला होता. तारा अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे, 'रिमोट' लिहिलेल्या दोन स्क्रूंना लावायच्या. बटण दाबून धरलं की माईक बंद, सोडलं की चालू. कशाला हे, मी विचारलं.

"भाऊंना हवंय. मीटिंगमध्ये लोक माईक सोडत नाहीत ना."

भाऊ म्हणजे आमचे सेक्रेटरी. लोक म्हणजे मी, हे त्याने सांगितलं नाही. संध्याकाळच्या सभेत भाऊंचा ठराव होता: घरात पाळणाघर चालवायला बंदी. अख्ख्या सोसायटीत पाळणाघर एकच, माझं.

माझी पाळी आली तेव्हा मी माईक घेतला. "मुलांचा त्रास कुणाला होतो, त्याने समोर येऊन सांगावं," एवढं बोलले आणि आवाज गेला. लगेच आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. भाऊ टेबलाखाली बटण दाबत होते आणि दर वेळी सोडत होते.

"काय रे विद्याधर, चालत नाही हे तुझं!" भाऊ सगळ्यांदेखत खेकसले. पुढच्या रांगेत कुणीतरी फिदीफिदी हसलं.

विद्याधरचे कान लाल झाले. तो उठला, भाऊंच्या हातातून बटण घेतलं आणि अंगठ्याने दाबून धरलं. "असं, भाऊ. सोडायचं नाही."

मी बोलतच होते. पंख्यांच्या घरघरीत मागच्या रांगांपर्यंत काही पोचत नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, त्याची नजर अ‍ॅम्प्लिफायरच्या दिव्यावर. किळस आली मला त्याची. हात वर झाले, ठराव पास झाला, तेव्हा कुठे त्याने अंगठा उचलला.

घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणतो, "टक्क असासुद्धा आवाज आला नाही, लक्षात आलं तुझ्या? एकदम क्लीन."

"माझी वाट लावलीस तू."

"मी काय केलं? वायरिंग माझं, ठराव भाऊंचा."

त्याच्याशी वाद घालायची इच्छाच उरली नव्हती. मी शर्मिष्ठाला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्याच्या पुढ्यात ठेवला. तिची स्वरदा दीड वर्षाची आहे, दिवसभर माझ्याकडे असते. शर्मिष्ठा एकटी, गोरेगावला नोकरी, घरात दुसरं कुणी नाही. हे सगळं विद्याधरला ठाऊक आहे. संध्याकाळी स्वरदा त्याच्याच मांडीवर बसून बिस्किट खाते.

"पुढच्या महिन्यापासून पाळणाघर बंद, सांग तिला. आता तू सांगायचंस."

"हॅलो, उत्तराताई?" शर्मिष्ठा म्हणाली. "बोला ना."

विद्याधरने फोन कट केला.

मी पुन्हा लावला.