पुढच्या चाकावरची लाल रेघ

पोरगी वळणाआड दिसेनाशी झाली तरी मिस्त्री फाटकातच उभा होता. जुन्या मोटारसायकलचा आवाज अजून येत होता. जाड, एकसारखा, कुठे खोकला नाही की उचकी नाही. कार्ब्युरेटरच्या एका स्क्रूपायी त्याने अख्खा आठवडा घालवला होता. जरासा आत, जरासा बाहेर, परत आत. त्याचं चीज झालं होतं.

"दाजी, आता चला आत," मेव्हणा म्हणाला. मेव्हणा शिंपी. समोरच त्याचं दुकान, पण दुकानापेक्षा तो मिस्त्रीच्या गॅरेजमध्येच जास्त असायचा. "ताईची पाठवणी करताना आमचे वडीलसुद्धा एवढा वेळ दारात थांबले नव्हते."

"त्यांना दार लावायची घाई होती. मुलगी परत आली तर काय घ्या!"

मेव्हणा खो खो हसला. मिस्त्रीही हसला. बायको गेल्यापासून तिच्यावरून विनोद झाला आणि दोघं हसले, असं पहिल्यांदाच घडत होतं.

गाडी मुळात बायकोचीच. भंगारवाल्याकडे तिनेच बघितली आणि हट्टाने घरी आणवली. काम दोघं मिळून करायचे. मिस्त्री नट आवळायचा आणि ती त्यावर नेलपॉलिशची बारीक लाल रेघ ओढायची. अर्धी नटावर, अर्धी शेजारच्या लोखंडावर. नट पुढे कधी ढिला होऊन फिरला की रेघ तुटलेली दिसते, एवढी साधी गोष्ट. मिस्त्रीची प्रत्येक गाडी अशीच बाहेर पडली होती. लाल दिसलं की आवळलेलं. तिथे परत हात लावायचा नाही.

ती गेल्यावर गाडी ताडपत्रीखाली गेली. शेवटी पोरगीच एक दिवस म्हणाली, "बाबा, आईची गाडी नुसती झाकूनच ठेवायची असेल तर भंगारवाल्याला तरी परत द्या. तो निदान रडणार नाही." मग मिस्त्रीने ताडपत्री काढली. आणि आज पोरगी पहिल्यांदाच ती रस्त्यावर घेऊन गेली होती. डोंगर चढून पलीकडे उतरायचं, मावशीला गाडी दाखवायची आणि परत यायचं.

आत येऊन मिस्त्री हत्यारं जागेवर लावू लागला. प्रत्येक पान्याला भिंतीवर आपापला खिळा होता. सगळ्यात मोठा पाना कोपऱ्यात टांगलेला. सवयीने तोही पुसावा म्हणून त्याने हात वर केला आणि हात तसाच राहिला.

पान्याच्या जबड्यापासून भिंतीपर्यंत कोळ्याने जाळं विणलं होतं. चांगलं मोठं, धूळ बसलेलं.

म्हणजे पाना बऱ्याच दिवसांत खिळ्यावरून निघालाच नव्हता. आणि पुढच्या चाकाच्या दांड्याचा नट फक्त याच पान्याने आवळतो.

मिस्त्रीला सगळं आठवलं. चाक खोलून कित्येक महिने झाले होते, नवीन बेअरिंग मिळत नव्हतं. मागच्या आठवड्यात मिळालं. त्याने चाक बसवलं आणि नट नुसता बोटांनी फिरवून ठेवला. कारण तो आवळताना कुणीतरी हँडलवरचा ब्रेक दाबून धरावा लागतो, तरच आतला ब्रेक बरोबर मधोमध बसतो. ब्रेक धरायचं काम बायकोचं. दुसऱ्या कुणाला हाक मारायचं त्याच्या जिवावर आलं. उद्या पोरीला सांगू, असं म्हणून तो वर अंघोळीला गेला.

आणि दुसऱ्या दिवशी नटावर लाल रेघ होती. त्याने बघितली होती. लाल दिसलं आणि डोळा पुढे सरकला. रेघ ओढणारी आता या जगात नाही, मग ही ओढली कुणी, एवढं साधंसुद्धा त्याच्या मनात आलं नाही. माणूस गेलं तरी त्याच्यावरचा भरवसा जात नाही, तो असा.

"ती रेघ कुणी ओढली?" त्याने विचारलं.

"कुठली? ती चाकाची होय?" मेव्हण्याने दाढी खाजवली. "पोरीनेच की. तुम्ही अंघोळीला गेला होता. नवी बाटली घेऊन आली, म्हणाली, मामा, आईचं राहिलेलं काम करते, बाबांना सांगू नकोस, त्यांचं त्यांना दिसू दे." मग त्याने मिस्त्रीचं तोंड बघितलं. "का हो दाजी?"

"नट ढिला आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे चाक निघेल. फोन लाव तिला. लाव!"

मेव्हण्याने लावला. रिंग वाजली. घरातच वाजली, वरच्या मजल्यावर, चार्जरला लावलेल्या फोनची. दोघं जिन्याकडे बघत उभे राहिले. फोन वाजत राहिला.

मिस्त्रीने जाळ्यासकट पाना उपटला. मेव्हण्याने स्कूटर काढली, दुकान उघडंच टाकून.

"जोरात घे."

"जोरातच आहे."

"याला जोरात म्हणतात?"

"दाजी, ही माझ्या शिलाई मशीनपेक्षा जोरात पळत नाही, तुम्हीच म्हणता ना!" एरवी यावर कुणीतरी हसलं असतं.

चढ सुरू झाला. मिस्त्री रस्त्याकडे बघत नव्हता, कडेला बघत होता. गवतात, कठड्याच्या पलीकडे, खड्ड्यात. लांबून काहीही काळं चमकलं की तो मेव्हण्याचा खांदा दाबायचा. एकदा टायरचा तुकडा निघाला. एकदा पाण्याची टाकी. चढावर काही व्हायचं नाही, तो मनाशी म्हणत होता, चढावर वेग नसतो. पण पलीकडचा उतार त्याला पाठ होता. लांबलचक, शेवटी एकदम वळण, तिथे ब्रेक दाबावाच लागतो. ब्रेक दाबला की सगळा भार पुढच्या चाकावर.

मीच बसवलं, मीच नेऊ दिलं, मीच फाटकात उभा राहून हसलो.

माथ्यावर माणसं जमलेली दिसली. सगळी कठड्यावरून खाली वाकून बघत होती.

स्कूटर थांबली तरी मिस्त्री उतरला नाही. "तू बघ," तो म्हणाला. "मला नको सांगूस. तू बघ."

मेव्हणा धावत गेला, वाकला आणि तसाच परत आला. "खुर्च्या आहेत, दाजी! टेंपोची दोरी सुटली, प्लास्टिकच्या खुर्च्या खाली गेल्यात. नुसत्या खुर्च्या!"

मिस्त्रीला रडू फुटलं. टेंपोवाल्याला वाटलं, खुर्च्या याच्याच.

"इकडून जुनी मोटारसायकल गेली का? काळी?" मेव्हण्याने विचारलं.

"गेली ना. पोरगी होती." टेंपोवाल्याने हाताने करून दाखवलं. "पुढचं चाक असं नाचत होतं. मी ओरडलो, पण ऐकू कुठलं जातंय."

मग उतारावर स्कूटरचं इंजीन बंद करून ते नुसते उतरत होते, आवाज ऐकू यावा म्हणून. पण कुठलाच आवाज येत नव्हता. ना धप धप, ना कुणाची हाक.

वळणाच्या बरंच अलीकडे गाडी स्टँडवर उभी होती. पोरगी तिच्यापुढे उकिडवी बसून चाकाकडे बघत होती. हेल्मेट गवतात पडलेलं. अंगावर ओरखडाही नव्हता, पण चेहरा पांढराफटक.

"बाबा," ती उठली. "हँडल थरथरायला लागलं. आधी वाटलं रस्ताच खराब आहे. मग थांबले आणि बघितलं तर..." तिने बोट दाखवलं.

नट फिरला होता. लाल रेघेचे दोन तुकडे झाले होते. एक नटाबरोबर निघालेला, एक होता तिथेच.

मिस्त्रीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग खांद्यावर. मग हाताची बोटं एकेक चाचपून बघितली. लहानपणी पडली की बघायचा तशी.

"मला वाटलं तुमचं झालंय," ती म्हणाली. "नट बसलेला होता. आई असंच करायची ना? तुम्ही नट बसवला की रेघ."

"नाही. मी 'झालं' म्हणेपर्यंत तिने कधी बाटली उघडली नाही." तो थांबला. "तुला कसं कळणार? तू रेघ बघायचीस. माझं बोलणं कोण ऐकतंय."

मेव्हणा रस्त्याच्या कडेला पाय पसरून बसला होता. "घरात दाजींचं कुणीच ऐकत नाही," तो म्हणाला.

मिस्त्रीने नटाला पाना लावला. पाना दोनदा घसरला.

"ब्रेक धर," तो म्हणाला.

पोरीने दोन्ही हातांनी धरला.

त्याने आवळला. पाना काढला, परत लावला, परत अंग टाकलं. चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. तिसऱ्यांदा पाना लावला. पोरगी खिशातली बाटली काढून वाट बघत होती, झाकण न उघडता. मिस्त्री नुसता नटाकडे बघत राहिला. तो शब्द तोंडातून बाहेर येईना.

"बाबा, झालं का?"

त्याने अजून एकदा चाक हलवलं. मग म्हणाला, "झालं."

तिने जुन्या तुकड्यांशेजारी नवी रेघ ओढली.

परतताना गाडी तिनेच चालवली. मिस्त्री नको म्हणणार होता, पण तिने आधीच किक मारली होती. तो मेव्हण्याच्या मागे बसला, मांडीवर मोठा पाना घेऊन.

"तिच्या बरोबरीने घे," तो म्हणाला. "मला पुढचं चाक दिसलं पाहिजे."

"दाजी, दिसतंय. फिरतंय नीट."

"तू रस्ता बघ," मिस्त्री म्हणाला, आणि फाटक येईपर्यंत त्याने त्या चाकावरून नजर हलवली नाही.