वाढत्या मापाची बोट

मित्रांनो, मी एक जुनी पॉन्टून बोट आहे. दोन लांब पोकळ नळकांड्यांवर सपाट तळ, भोवती कठडा आणि वर कापडी छत, असं माझं रूप. दिसायला मी अजून बरी आहे, पण माझ्या आकाराची मला लाज वाटते. का, ते सांगते.

दुकानात माझ्या शेजारी माझ्यासारखीच, पण निम्म्या आकाराची बोट उभी असे. मी तिला धाकटी म्हणायचे. गिऱ्हाईक आलं की आधी माझ्याकडे वळायचं आणि मी मनातल्या मनात फुगायचे. धाकटी बिचारी गप्प असायची.

एक दिवस एक शिंपी सगळं घर घेऊन आला. त्याच्या आईची नजर अधू होत चालली होती. तळ्याच्या आतल्या भागात, दगडी पुलापलीकडे तिचं माहेर होतं. तिथली माणसं कधीच पांगली होती, वाटेवर रान माजलं होतं, पण पाण्यातून गेलं की ते घर अजून दिसायचं. डोळे पुरते जाण्याआधी तिला ते एकदा बघायचं होतं. बोट घ्यायची ती त्यासाठीच.

शिंप्याचे वडील सरळ धाकटीत जाऊन बसले. "हिला आणि मला ही पुरे," ते म्हणाले. पण शिंपी जन्मभर पोरांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवत आलेला. शिवणीत चार बोटं कापड राखल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. गळ्यातली टेप काढून त्याने माझी आसनं मोजली, बायको, बहीण, मेहुणा, भाचरं सगळ्यांना त्यांवर बसवून पाहिलं. "उद्या सुना येतील, जावई येतील. माप वाढतंच घ्यावं, आबा," तो म्हणाला. सगळे ऐसपैस मावले. आबा धाकटीतून उठले. मला मात्र आभाळ ठेंगणं झालं होतं.

मोजायचा राहिला तो पूल.

पहिल्याच फेरीत माझ्या दोन्ही बाजू पुलाच्या खांबांना घासल्या. छत मिटलं, भाच्यांनी खांबांना हात लावून रेटून पाहिलं, पण मी काही शिरेना. घामाघूम झालेल्या शिंप्याने मला मागे घेतलं, वळवलं आणि अलीकडच्या काठावरचं कुणाचं तरी घर दाखवत तो आईला म्हणाला, "ते बघ, आलं तुझं माहेर." बाकी सगळ्यांनी माना खाली घातल्या. आजी तिकडे तोंड करून बसली. छान आहे, एवढंच म्हणाली.

धक्क्यावर उतरताना तिने माझा कठडा धरला आणि लेकाला हळूच म्हणाली, "अरे, पुलाखालून जाताना अंगावर गारवा येतो. तो आलाच नाही."

आजीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "कपडा असता तर उसवून आत घेतला असतास. हिचं काय करणार?"

तळ्याने मला पोटात घ्यावं, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी शिंपी धाकटीच्या नव्या मालकाकडे गेला. तो बेकरीवाला भला माणूस, त्याने लगेच बोट दिली. आजी, आबा आणि शिंपी धाकटीत बसून पुलाखाली दिसेनासे झाले. मी धक्क्याला बांधलेली, बघत राहिले. परतल्यावर आजी सुनेला सांगत होती, "बाकी काही कळलं नाही गं, पण दार अजून निळंच आहे."

आता तिला काहीच दिसत नाही. संध्याकाळी ती धक्क्यावर येते, चाचपडत माझ्या आसनावर बसते आणि त्या निळ्या दाराच्या गोष्टी सांगते. मला कधी बोल लावत नाही, म्हणून तर जास्त लाज वाटते.

मित्रांनो, कधी बोट घ्यायला गेलात तर आम्हा बोटींकडे नंतर बघा. ज्या माणसासाठी घ्यायची, त्याच्याजवळ आधी बसा आणि विचारा, तुला जायचंय कुठे?