गयाबाईंच्या निशाणीची बादली

मी एक जुनी बादली आहे, मित्रांनो. जस्ती पत्र्याची, जाड कडीची. जुनी आहे म्हणून माझी कीव करू नका. मी एक अख्खी निवडणूक लढवलेली बादली आहे.

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये आज जिथे जीन्सच्या पँटी शिवतात, त्याच गल्लीत पूर्वी पत्र्याचं काम चाले. तिथे एका कारागिराने ठोकून ठोकून मला आकार दिला. बाजाराला आलेल्या गोमादादांनी मला विकत घेतलं आणि बारवी धरणाच्या बाजूला डोंगरातल्या आपल्या वाडीवर नेलं. त्यांच्या बायकोचं नाव गयाबाई. त्या दिवसापासून मी त्यांच्या डोक्यावर. विहीर खाली, वाडी वर. दिवसाला आठ खेपा.

काही वर्षांनी ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. वाडीला नळ हवा, हे गयाबाई दरवर्षी सांगायच्या आणि कोणी ऐकायचं नाही. शेवटी त्यांनी स्वतःच अर्ज भरला. निशाणी मिळाली बादली! गोमादादांनी लाल रंग आणला, काडीचं टोक चावून कुंचला केला आणि माझ्या पोटावर लिहिलं, 'गयाबाई'. त्यातला 'य' जरा कलंडला, पण मला तो फार आवडतो.

समोरच्या उमेदवाराकडे जीपगाडी होती, कर्णा होता, रंगीत पत्रकं होती. गयाबाईंकडे मी होते. मला डोक्यावर घेऊन त्या तीन वाड्या पायी फिरल्या. सभा घेतल्या त्या विहिरींवर, कारण बायका तिथेच भेटत. एकदा वाटेत जीप थांबली. आतला एक जण हसून ओरडला, "काय गयाबाई, पाणी भरायला चालल्या का?"

"व्हय," गयाबाई म्हणाल्या, "पानीच आनाया चाललेय. या खेपेला पंचायतीतून."

जीपमधलं हसू तिथेच थांबलं. मी मात्र आतून दणाणले.

मतदानाच्या दिवशी तिन्ही वाड्यांच्या बायका रांगेने डोंगर उतरल्या. त्यांतल्या कितीतरी जणी पहिल्यांदाच मत द्यायला निघाल्या होत्या. शाळेच्या फाटकाआधीच पोलिसाने आम्हाला अडवलं.

"बाई, ही बादली पुढे न्यायची नाही."

"का? रिकामी हाय."

"रिकामी असली तरी निशाणी आहे ती. लांब ठेवा."

दिवसभर मी लांबच्या आंब्याखाली बसून राहिले. ज्या बादलीला कालपर्यंत कोणी विचारत नव्हतं, तिला आज पोलीस घाबरत होता! एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

गयाबाई नऊ मतांनी हरल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे मला उचलून त्या नेहमीसारख्या विहिरीवर गेल्या. तिथल्या बायकांनी त्यांना आधी पाणी भरू दिलं.

दोन वर्षांनी वाडीत नळ आला. तो कोणामुळे आला यावर अजून वाद होतात. पण नळ आला आणि माझं काम संपलं. प्लॅस्टिकची पिंपं आली. मी आधी राखेला, मग कोंबड्यांच्या दाण्याला, मग नुसतीच पडवीत. गोमादादा वारले. एके दिवशी सून सुषमाने घर आवरताना मला भंगारवाल्याच्या टेम्पोत टाकलं. तिचा राग मला नाही. तिला माझी गोष्ट कोणी सांगितलीच नव्हती.

नेमक्या दुसऱ्या दिवशी बदलापूरच्या वाचनालयातून अक्षदाताई वाडीवर आल्या. त्या आपल्या भागाच्या इतिहासाचा संग्रह जमवत होत्या. "तुमच्या निवडणुकीचं एखादं पत्रक आहे का, मावशी?" त्यांनी विचारलं.

"कागुद कुठला आमच्याकडं? ही बादली व्हती ना." गयाबाईंनी पडवीकडे बोट दाखवलं. पडवी रिकामी होती.

सुषमाने सगळं सांगितलं, टेम्पो कुठे गेला तेही, तशा गयाबाई उभ्या राहिल्या. त्या आणि अक्षदाताई रिक्षाने थेट अंबरनाथच्या भंगाराच्या गोदामात आल्या. ढिगात मी उलटी पडले होते आणि शेजारचं यंत्र पत्रे दाबून ठोकळे करत होतं. माझी पाळी जवळ आली होती. एवढ्यात ओळखीचा आवाज आला.

"ती बघ! माझं नाव हाय तिच्यावर!"

गयाबाईंनी मला संग्रहाला दिलं, पण वाचनालयात माझ्यावरून वाद झाला. कार्यवाह मिलिंदसर म्हणाले, "अहो, पण या तर हरल्या होत्या."

"जिंकलेल्यांचे फोटो पंचायतीत लागलेत, सर," अक्षदाताई म्हणाल्या. "वाडीतल्या बायका डोंगर उतरून मत द्यायला आल्या, त्याची खूण कुठे आहे? ही एकच आहे."

मिलिंदसरांनी मला हातात घेतलं, फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "घासून चकचकीत करू?"

"मुळीच नको. रंग जाईल." ताईंनी मऊ ब्रशने माझी धूळ काढली, मला कोरडं केलं आणि ओल लागू नये म्हणून लाकडी पाटावर ठेवलं. आता माझ्या शेजारी उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराने दिलेले निवडणुकीचे कापडी बिल्ले आहेत आणि अंबरनाथच्या एका कामगाराचा प्रचाराचा पत्र्याचा कर्णा आहे. वेगवेगळ्या बाजूंचे आहोत, पण आमचं भांडण नाही.

मित्रांनो, घर आवराल तेव्हा जुनी वस्तू फेकण्याआधी घरातल्या मोठ्यांना एकदा विचारा, ही कोणी वापरली, कशासाठी वापरली? आमच्यावरचे डाग घाईने पुसू नका. ज्यांच्याबद्दल कागदावर काही लिहिलं गेलं नाही, त्यांची आठवण आम्हीच धरून ठेवतो.

मागच्या रविवारी गयाबाई देणगीचा अर्ज भरायला आल्या. अक्षदाताई विचारत होत्या आणि लिहीत होत्या. नाव झालं, गाव झालं.

"मावशी, व्यवसाय काय लिहू? शेतमजुरी?"

गयाबाईंनी पदर सारखा केला.

"उमेदवार लिव," त्या म्हणाल्या.