न वाजणारं यंत्र

ड्युटीताईंना टॅब्लेट हवा होता आणि तो कशाला हवा, हे घरात कुणाला पटत नव्हतं. पटावं तरी कसं? पर्समध्ये फोन, टेबलावर लॅपटॉप, दोन्ही ठणठणीत.

ड्युटीताई हे काही त्यांचं नाव नव्हे. एका मोठ्या रुग्णालयात नर्सेसच्या ड्युट्या लावायचं काम त्यांच्याकडे, म्हणून सगळा स्टाफ त्यांना तसं म्हणे. कुणाचं मूल तापलं, कुणाची सासू पडली, कुणाचं कुणाशी पटेना, की लावला फोन ड्युटीताईंना. जेवताना, बसमध्ये, दातांच्या डॉक्टरपुढे आ करून बसल्या असतानासुद्धा. फोन बंद ठेवायचीही सोय नाही, कारण ठेवलाच तर कुठला तरी वॉर्ड उघडा पडायचा. अशी नोकरी वैऱ्यालाही नको.

त्यांना एकच वेड, कादंबऱ्या वाचायचं. पण हल्ली पुस्तकातली अक्षरं चष्मा लावूनही मुंग्यांसारखी पळत. फोनवर अक्षर मोठं करावं, तर एका ओळीत चार शब्द मावायचे आणि तिसऱ्या पानाला कुणाची तरी सासू पडायची. लॅपटॉप उघडावा, तर पुढच्या आठवड्याच्या ड्युट्या समोर आ वासून बसलेल्या. टॅब्लेटवर मात्र अक्षर हवं तेवढं मोठं होतं, पडून वाचता येतं, आणि त्यावर कुणाचा फोन येत नाही. हे शेवटचं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. एवढ्या मोठ्या बाईनं, मला जरा एकटीला राहू द्या, असं म्हणायचं तरी कसं?

नवरा स्पेअर पार्टच्या गोदामात स्टोअरकीपर. जुना पार्ट हातात पडल्याशिवाय नवा द्यायचा नाही, हा तिथला नियम त्यानं घरीही आणून ठेवला होता.

"फोनला काय झालंय?" त्यानं विचारलं.

"काही नाही."

"आणि लॅपटॉपला?"

"तोही चालतोय."

"मग हे तिसरं कशाला? एक ना धड, भाराभर चिंध्या."

"अक्षर मोठं दिसतं हो त्यात."

"चष्म्याचा नंबर बदल."

"बदललाय. गेल्याच महिन्यात."

धाकटे दीर घरातले यंत्रपंडित. त्यांनीही वाहत्या गंगेत हात धुऊन घेतले. "वहिनी, टॅब म्हणजे फोनचा सुजलेला भाऊ. लोक हौसेनं घेतात आणि मग धूळ खात ठेवतात. आमचा सध्या खिडकी आपटू नये म्हणून लावलाय."

ड्युटीताई नुसत्या हसल्या. वाद घालायलाही अंगात त्राण लागतं. पगार झाल्यावर मात्र त्या सरळ दुकानात गेल्या आणि टॅब्लेट घेऊन आल्या.

नवऱ्यानं खोका पाहिला, तोंड पाडलं, दोन दिवस मोजकंच बोलला. रविवारी सकाळी मात्र त्याच्यातला स्टोअरकीपर जागा झाला. नवी वस्तू घरात आली आणि ती नीट लावली नाही, हे त्याला बघवेना. नाकावर चष्मा, हातात माहितीपत्रक, असा तो टेबलापाशी बसला.

"तू पड जरा," तो म्हणाला. "मी सगळं लावून देतो."

ड्युटीताईंना बरं वाटलं. माणूस कुरकुरतो, पण मनानं वाईट नाही, असं म्हणत त्या खरंच आडव्या झाल्या.

दुपारी जेवणानंतर टॅब्लेट त्यांच्या हातात आला. अक्षरं अशी ठसठशीत, की त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. गोष्टीतली बाई कुणाला न सांगता घर सोडून निघाली होती, फाटकाची कडी तिनं नुकतीच काढली होती, तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. मागोमाग टेबलावरचा लॅपटॉप वाजला. आणि हातातलं पान पुसून टाकून तिथं मुलांच्या वॉर्डातल्या नर्सचा हसरा फोटो आला, आणि टॅब्लेटही वाजायला लागला.

नवरा दारात उभा होता. एवढा खूश तो कित्येक दिवसांत दिसला नव्हता. "बघ, तिन्ही जोडून टाकलीत. आता घरात कुठंही अस, तुझा एकही फोन चुकायचा नाही."

नर्सला दुसऱ्या दिवशी सुट्टी हवी होती. "फार दमलेय हो ताई," ती म्हणाली. ड्युटीताईंनी सुट्टी दिली. मग टॅब्लेट छातीवर पालथा ठेवला आणि त्यांना रडू फुटलं.

नवरा गडबडला. "अगं, काय झालं? आवाज फार मोठा लागलाय का?"

"मला एक तरी असं हवं होतं, जे वाजणार नाही," त्या म्हणाल्या. "मीही दमलेय हो. मला कोण सुट्टी देणार?"

"मग तसं सांगायचं ना."

"सांगून काय झालं असतं? फोन बंद ठेव, म्हणाला असतात."

तो हेच म्हणाला असता. त्यानं टॅब्लेट घेतला आणि सकाळी जे जोडलं होतं ते एकेक करून तोडत बसला. जोडायला माहितीपत्रक होतं, तोडायला नव्हतं, तेव्हा बराच वेळ गेला. टॅब्लेट परत त्यांच्या हातात देऊन तो फोन आणि लॅपटॉप उचलून गॅलरीत गेला आणि दार ओढून घेतलं.

थोड्या वेळानं दारापलीकडून आवाज आला, "आंघोळीला गेल्यात." मग, "बाजारात गेल्यात." मग, "झोपल्यात हो. अगदीच अडलं असेल तर उठवतो. नाही ना? मग सांगा, मी लिहून घेतो."

सहीशिवाय साधा नटबोल्ट न देणारा माणूस धडाधड थापा मारत होता. ड्युटीताईंना हसू आलं. गोष्टीतली बाई फाटकाबाहेर पडली, गाडीत बसली, दुसऱ्या गावी पोचलीसुद्धा.

उन्हं उतरल्यावर नवरा आत आला. एक कान लाल झाला होता, तोंड उतरलं होतं. फोन पालथा ठेवून तो पलंगाच्या कडेला टेकला.

"रोज असंच असतं?" त्यानं विचारलं.

ड्युटीताईंनी बोटानं पान उलटलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "रविवारी कमी असतं."