किकडाउनचीच तर केबल

मागून नेलेली गाडी परत देताना धुऊन, पेट्रोलची टाकी काठोकाठ भरून द्यायची, हा नेब्रास्काच्या त्या गवताळ टेकड्यांमधला रिवाज. रिवाज चांगलाच आहे. पण त्याच्या आडून माणसं काय काय खपवतात, ते डोरीनला त्या मार्चमध्ये कळलं.

गाडी नेली होती तिच्या दिरानं, मर्लनं. आणि कुठली गाडी? वणवा विझवायची! शहाऐंशी सालचा जुना पिकअप, मागे पाण्याचा हौद आणि पंप. अख्ख्या गावाला एवढी एकच. डोरीनचा नवरा गेल्यापासून गाडी तिच्याच शेडमध्ये असायची, कॅफेच्या अगदी समोर. ऐन वाऱ्याच्या दिवसांत, वाळकं गवत गुडघाभर उभं असताना, या गृहस्थानं हौद खाली उतरवला आणि गाडीमागे होडी ओढत मासे मारायला तळ्यावर गेला. लाज नाही, शरम नाही. परत आणली तेव्हा मात्र गाडी लखलखत होती.

"घे वहिनी, नव्या नवरीसारखी करून आणलीय," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिनं हौद चढवला, पाणी भरलं आणि गाडी बाहेर काढली. ही आपोआप गिअर बदलणारी गाडी. वेग धरायच्या आधीच ती वरच्या गिअरात जाऊन बसली आणि इंजिन नुसतं कोकलत राहिलं. डोरीननं गाडी तिथंच थांबवली नि बॉनेट उघडलं. कार्बोरेटरपासून गिअरबॉक्सकडे जाणारी बारीक केबल टोकाशी तुटली होती, आणि तिथं गवताचे गठ्ठे बांधायची तार ढिलीच पिळून लावलेली होती. वर तारेची टोकं नीट वळवून आत दडवलेली. तार लावली याचं तिला एवढं काही वाटलं नाही, अडीअडचणीला कोण लावत नाही? पण ती दडवलेली टोकं पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिनं गिअरबॉक्सचं तेल पाहिलं. रंग अजून लाल होता, पण करपल्याचा वास यायला लागला होता. थोडक्यात वाचली होती गाडी.

आपली मोटार काढून ती तालुक्याच्या गावाहून नवी केबल घेऊन आली, ती तडक कॅफेत शिरली. मर्ल तिथंच होता, चिलीत, म्हणजे खिमा-राजम्याच्या तिखट रश्शात, दालचिनीचा गोड रोल बुडवून खात. शेजारी विल्बरकाका, वणवा समितीचे प्रमुख.

"गाडीला तार तू लावलीस?" तिनं विचारलं.

"अगं, किकडाउनचीच तर केबल ती!" मर्ल तोंडातला घास न गिळताच म्हणाला. "नसली तर ओव्हरटेक करताना गाडी खालचा गिअर घेत नाही, बाकी काही नाही. बाबांच्या गाडीला कित्येक वर्षं नव्हती."

"बाबांची गाडी वेगळी. हिच्यात ती टीव्ही केबल आहे."

"टीव्ही? वणवा विझवता विझवता मालिका बघतेस की काय, वहिनी?"

सगळं कॅफे हसलं. विल्बरकाकाही हसले, आणि वर म्हणाले, "जाऊ दे गं डोरीन. टाकी तर भरून दिली ना त्यानं? माझा जावई धूळसुद्धा पुसत नाही."

"टाकी भरल्यानं गिअरबॉक्स वाचत नाही, काका! टीव्ही म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह. किती जोर लागणार ते ही केबल सांगते, तेव्हा कुठं आतलं तेल प्लेटांना घट्ट दाबतं. केबल नाही तर दाब नाही. हौद भरून एक चढ चढवा, प्लेटा घसरून जळून जातील."

"तू काय आत बसून बघून आलीस?" मर्ल म्हणाला.

पुन्हा हशा. डोरीननं किल्ली त्याच्या वाडग्याशेजारी आपटली.

"बरं. किकडाउनचीच ना? ही घे. हौद भरलेला आहे, तुझी तार जागेवर आहे. चढव तुझ्या आईच्या घरापर्यंत."

कॅफेमागच्या चढावर, टेकडीच्या माथ्यावर, ओपल एकटी राहत होती. डोरीनची सासू, मर्लची आई. पाय सुजलेले, गाडी चालवणं कधीच सुटलेलं, आणि घराच्या चारी बाजूंनी गवत.

"चिली निवेल माझी," मर्ल म्हणाला.

"निवू दे."

आता कुणी हसलं नाही. मर्लनं किल्लीकडे पाहिलं, पण हात काही पुढे केला नाही.

"ऊठ की!"

"नको, वहिनी."

"का नको?"

"जळेल ती." त्याचा आवाज खाली आला. "परत येताना वास आला होता मला. वाटलं, एवढ्यात कुठं वणवा पेटतोय. पाऊस झाला की गुपचूप बदलून टाकू."

इतका वेळ डोरीन त्याला मूर्ख समजत होती. मूर्खाला एकवेळ माफ करता येतं. हा तर सगळं समजून उमजून गाडी धुवत बसला होता! तिनं किल्ली उचलून घेतली. विल्बरकाकांनी चमचा खाली ठेवला आणि खिडकीबाहेर बघू लागले.

ती शेडकडे गेली. मागोमाग सगळे आले, मर्लही. तिनं गाडीखाली शिरून जुनी केबल काढली, नवी बसवली, मग वर येऊन कार्बोरेटरचा दांडा हातानं पूर्ण उघडला. केबलनं कटकट करत आपली जागा धरली. मदत करू का, असं विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

"बस," ती मर्लला म्हणाली.

"कुठं जायचंय?"

"वर. आत्ता मला सांगितलंस ते तिला सांगायचं. शब्द न् शब्द."

भरल्या हौदासकट गाडी खालच्या गिअरात दम धरून चढ चढली, कुठं घसरली नाही. आवाज ऐकून ओपल काठी टेकत दारात आली आणि लेकाला बघून तिनं हात हलवला. मर्ल मांडीवर टोपी घेऊन तसाच बसून राहिला. डोरीननं इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि तो उतरायची वाट बघत बसली.