थंडेश्वर महाराज आणि तीन मांजरं

मे महिन्याची भर दुपार. पार्से गावातल्या गोकुळदासच्या गोठ्यात अर्धा गाव घामाने निथळत, श्वास रोखून एका तांब्याच्या कमंडलूकडे बघत होता. कमंडलूत साधं घरचं खोबरेल होतं आणि त्यावर हात धरून थंडेश्वर महाराज बसले होते. हे महाराज हिमालयात बारा वर्षं नुसता बर्फ खाऊन राहिले होते. निदान त्यांच्या फ्लेक्सवर तसं छापलेलं होतं.

"थंड थंड महाथंड, देवचाराचा ताप बंद!" महाराज गरजले, आणि दहा मिनिटांनी त्यांनी कमंडलू सरळ उपडा केला. थेंबही सांडला नाही. तेल पांढरंशुभ्र थिजलं होतं.

"मे म्हयन्यात तेल थिजलां!" सुलोचनाकाकी किंचाळल्या आणि त्यांनी तिथेच लोटांगण घातलं. शेणाचा पो त्यांना दिसला नाही.

"गावच्या भुताने, त्या देवचाराने, गाईला लावलेला ताप मी या तेलात उतरवला," महाराज म्हणाले. "हे तेल सात दिवस तिला पाजा. पण सुई टोचाल, तर ताप सुटेल आणि घरातल्या माणसांत शिरेल!"

गोकुळदासची बायको प्रभावती खांबाला टेकून उभी होती. ताप तेलात उतरला तर तेल तापायला हवं, ते थिजलं कसं, एवढंच तिला कळेना. पण विचारणार कुणाला? सगळे हात जोडून उभे. तिची तीन मांजरंसुद्धा महाराजांच्या झोळीभोवती डोळे मिटून बसली होती.

"ह्या माझ्या तीन योगिनी," महाराज कौतुकाने म्हणाले.

प्रभावतीचा जीव मात्र गाईत अडकला होता. तांबूला तिने वासरू असल्यापासून हाताने वाढवलं होतं. चार दिवसांपूर्वी ती व्याली, आणि तेव्हापासून अंग तापलेलं, कास सुजलेली, वैरणीला तोंड नाही. पाडा भुकेने हंबरत होता. गुरांची डॉक्टर सुविधा सकाळीच औषधाची पेटी घेऊन आली होती, पण गोकुळदास दारात आडवा झाला.

"सुई नाका, डॉक्टरबाय. म्हाराज येतले, ते बघतले."

संध्याकाळी अर्धा लिटर तेल पोटात गेल्यावर तांबूने रवंथ करणंही सोडलं. प्रभावतीने घाबरून सुविधाला फोन लावला.

"वहिनी, एवढं तेल पाजलं? पोटातला चारा पचवणारे सूक्ष्मजीवच गुदमरतात त्यानं! उद्या औषध गेलं नाही, तर ती हातची जाईल."

प्रभावतीला रडू फुटलं. डोळे पुसत ती स्वयंपाकघराकडे निघाली, तर मांजरं अजून गोठ्यात, जिथे झोळी ठेवली होती तीच जागा चाटत बसलेली. ती थबकली. या मांजरांची भक्ती तिला चांगली ठाऊक होती. ती एकाच दैवताला भजत, आणि ते दैवत रोज सकाळी नुस्तेकारणीच्या मासळीच्या टोपलीतून, बर्फावर पहुडून येई.

तिने आत जाऊन फ्रिज उघडला, तर समोर जवसाच्या तेलाची बाटली. हे तेल सुविधाने महिन्यापूर्वी दिलं होतं. पेंडीत रोज थोडं घाला, विण्याच्या वेळचा दाह कमी व्हायला मदत होते, असं सांगून. पण जवसाच्या तेलाने लाकूड झळकतं हे गोकुळदासला बापाकडून ठाऊक. त्याने ते पुढच्या दाराला फासलं. दार झळकत होतं, गाय आडवी झाली होती. वाटीभर उरलेलं तेल तिने फ्रिजात ठेवलेलं, आणि इतक्या थंडीतही ते पाण्यासारखं पातळ होतं.

दुसऱ्या दिवशीचं तेल मंतरायला महाराज आले, तेव्हा गर्दी दुप्पट झाली. महाराजांनी डोळे मिटूनच कमंडलू पुढे केला. प्रभावतीने निमूटपणे त्यात तेल ओतलं. खोबरेल नव्हे, जवसाचं.

"थंड थंड महाथंड!"

दहा मिनिटं झाली. वीस झाली. महाराजांनी कमंडलू जरा वाकडा केला आणि तेल त्यांच्याच मांडीवर ओघळलं.

"इथे कुणीतरी नास्तिक आहे!" महाराज ओरडले.

"इथं मांजरं आसत," प्रभावती म्हणाली. खरंच, थोरल्या बोक्याला धीर धरवेना. त्याने कमंडलूवर झेप घेतली. भांडं आपटलं, बुडाचं झाकण निघालं, आणि दोन पत्र्यांच्या मधल्या पोकळीतून मीठ लावलेला बर्फ गोठाभर पसरला. त्यात एक तारलो मासा होता. बाजारातून बर्फाबरोबर चुकून आलेला. पुढच्या क्षणी तो तिन्ही योगिनींत वाटला गेला.

हशा इतका झाला की महाराज कधी सटकले, कुणालाच कळलं नाही.

गोकुळदास मान खाली घालून उभा होता. "डॉक्टरबाय, टोच गे सुई," तो पुटपुटला. "चुकलंच माजा."

प्रभावतीच्या सांगण्यावरून बाहेर थांबलेली सुविधा आत आली. सुई दिली, कास धुतली आणि मग लोकांना म्हणाली, "खोबरेल गारव्यात थिजतं, जवसाचं थिजत नाही. दोन्हींतली स्निग्धाम्लं वेगळी. जवसातली शरीरातला दाह आवरायला हातभार लावतात. पण विण्याआधी काही आठवडे, मापात, खाण्यातून दिली तर. तीसुद्धा जादू नव्हे. ताप चढला की औषधच लागतं."

तिसऱ्या दिवशी सकाळी तांबू उठली, पेंडीत तोंड घातलं आणि सावकाश रवंथ करू लागली. प्रभावती तिच्या गळ्यात हात टाकून आनंदाने रडली. सुलोचनाकाकी डोकावल्या.

"तरी पण पर्भावती, तेल थिजलां ता आमी डोळ्यांनी बघलां गो!"

"काकी, डिसेंबरात तुमच्या न्हाणीतली बाटली थिजता, तेवां कोणाक नारळ फोडतास?"

"कोणाक कित्याक? उन्हात ठेवतंय."

"मग डोकांय उन्हात ठेवा कधीतरी," प्रभावती म्हणाली, आणि पाड्याला सोडायला गेली.