फळ्यावर मागितलेलं मत

वाचकहो, सार्वजनिक कामात पडलेल्या माणसाला एक खोड हमखास लागते. काम चांगलं आहे ना, मग त्यासाठी काहीही केलं तरी चालतं, असं त्याला वाटू लागतं! सिंगापूरच्या आंग मो किओ भागातली रविवारची मराठी शाळा चालवणाऱ्या नीलिमाचंही तेच झालं.

शाळा चालायची तिथल्या मराठी मंडळाच्या सभासदांच्या वर्गणीवर. हॉलचं भाडं वाढलं, जागा सोडायची वेळ आली, म्हणून वर्गणीवाढीचा ठराव मतदानाला आला. ठराव पडला तर शाळा बंद! या धास्तीने नीलिमाने एक शक्कल लढवली. शुद्धलेखनाच्या तासाला तिने फळ्यावर ठळक लिहिलं, 'माझे आई-बाबा वर्गणीवाढीला हो म्हणणार.' मुलांनी ते गिरवलं, भोवती रंगीत फुलं काढली आणि कागद घरी नेले. वर पालकांच्या ग्रुपवर बाईंचा मेसेज, "मुलांचा शब्द मोडू नका हं!" भराभर अंगठे आले. बाई खूश!

मतदानाच्या रविवारी नीलिमा हॉलवर पोचली, तर दारातच प्रणिता उभी. तिची आठ वर्षांची लेक कादंबरी आईकडे पाठ करून, गाल फुगवून बसली होती.

"ताई, विवेकची नोकरी गेलीय," प्रणिता नवऱ्याबद्दल हळू आवाजात म्हणाली. "इथे राहायचा एम्प्लॉयमेंट पास गेला तर गाशा गुंडाळावा लागेल. वर्गणीवाढीला मी नाही म्हणणार, असं घरात बोलले, तेव्हापासून ही माझ्याशी बोलत नाही. म्हणते, टीचरने लिहायला सांगितलं आणि तू ते खोटं करतेस."

नीलिमाने कादंबरीकडे पाहिलं.

"अगं, पण मी शाळेच्या भल्यासाठीच..."

"शाळेचं भलं कशात आहे, हे ठरवायलाच तर मतदान!" खुर्च्या मांडत असलेले दीनानाथकाका मध्येच म्हणाले. काका मंडळाचे सगळ्यात जुने सभासद. "मीसुद्धा होच म्हणणार आहे, नीलिमा. पण तू केलंस ते चूक. फळा, तास, पालकांचा ग्रुप, सगळं प्रणिताच्याही वर्गणीतून चालतं. तिच्याच पैशाने तिच्याच लेकीला तिच्याविरुद्ध उभं केलंस. तिला घरी चहाला बोलावून पटवलं असतंस, तर तो तुझा हक्क होता. शाळा तुझी एकटीची नाही गं!"

ही पोरं आपण सांगू ते डोळे झाकून लिहितात, आणि त्याच विश्वासाचा आपण प्रचारासाठी वापर केला! नीलिमाला स्वतःचीच लाज वाटली.

सभा सुरू होताच ती उभी राहिली. काय केलं ते तिने काहीही न लपवता सांगितलं. "आज मतदान घेऊ नका. ज्यांना वाढ नको आहे, त्यांनीही त्याच ग्रुपवर आपलं म्हणणं मांडू दे. मग ठरवा."

"अहो, पण उशीर झाला तर जागा हातची जाईल!" कुणीतरी ओरडलं.

"जाईलही," नीलिमा म्हणाली. ती मागे हटली नाही. मतदान पुढे ढकललं गेलं.

मग ती वर्गात गेली. "मुलांनो, मागच्या रविवारी मी तुमच्याकडून जे लिहून घेतलं, ते घ्यायला नको होतं. हो म्हणायचं की नाही, हे आई-बाबांचं त्यांनी ठरवायचं. चुकलं माझं."

कादंबरीने मान वर करून तिथल्या मुलांच्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, "देन माय ममी नॉट बॅड, राइट?"

"नाही गं सोन्या! टीचर चुकली."

कादंबरी धावत सुटली आणि बाहेर उभ्या प्रणिताच्या कमरेला घट्ट बिलगली. नीलिमा दारातून बघत राहिली. माफी मागून झाली होती, तरी त्या पोरीचा प्रश्न तिच्या मनातून जाईना.

मित्रहो, आपल्या कामासाठी मत जरूर मागा, अगदी घसा कोरडा पडेपर्यंत मागा. पण जे सगळ्यांच्या पैशाने उभं आहे, ते आपल्या बाजूने राबवू नका. आणि लेकरांना तर आई-बापांविरुद्ध कधीच उभं करू नका!